अंडी देणे कोंबडीचे, खपविणे मालकाचे

सातारा-सांगलीकडील खेड्यांत कोंबडी ही कधीच नवलाची वस्तू नव्हती. परसात दहा-बारा कोंबड्या असावयाच्या, तिन्हीसांजा त्या डालग्याखाली झाकावयाच्या आणि बाजाराच्या दिवशी डझन-दोन डझन अंडी नेऊन मीठमिरचीची सोय करावयाची, हा शेतकऱ्याच्या घरचा जुनाच क्रम. अलीकडे मात्र शिकलेले तरुण, क्वचित आपल्यासारख्या पांढरपेशा घरांतीलही, माण-खटाव किंवा जत-आटपाडीच्या कोरडवाहू रानात शंभरेक कोंबड्या मोकळ्या सोडून हा स्वतंत्र धंदा करू पाहतात. मुंगूस, घार आणि मानमोडी यांवर उपाय सापडतो; खरी परीक्षा होते ती अंडी विकताना.

प्रथम हिशेब पाहू. पिंजऱ्यातील लेगहॉर्न जातीची कोंबडी दिवसाकाठी सुमारे ११० ग्रॅम खाद्य खाऊन वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते. मोकळी गावरान कोंबडी देते साठ ते ऐंशी, आणि मधूनमधून खुडूक होऊन बसते. शंभर कोंबड्यांची प्रत्येकी सत्तर अंडी धरली, तर वर्षाची सात हजार, म्हणजे रोजची अवघी एकोणीस! गिरिराज किंवा वनराजा या सुधारलेल्या जाती अधिक देतात. तरी राखण, लस आणि दाणा यांचा खर्च थोड्याच अंड्यांवर पडतो.

बाजारचा भाव मात्र पिंजऱ्यातील अंड्यावरून ठरतो. डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने १९८२ साली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती स्थापन झाली. तिने जाहीर केलेल्या भावाचा मोठ्या उत्पादकांस आधार झाला. पण आमच्या टोपलीवाल्याचा खर्च त्या भावात निघत नाही. तो दुप्पट दर सांगू लागला की दुकानदार म्हणतो, “अहो, अंडे ते अंडे!”

आणि गिऱ्हाइकाने तरी ओळखावे कसे? तांबूस कवच म्हणजे गावरान, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः कवचाचा रंग जातीवर अवलंबून असतो. तांबूस अंडी देणाऱ्या कोंबड्या पिंजऱ्यातही पाळतात. बलकाचा गडदपणा खाद्यावर अवलंबून असतो. पाण्यात अंडे बुडते की तरंगते यावरून ताजेपणा कळतो, कुळशील नव्हे. सारांश, येथे अंड्याबरोबर मालकाचा शब्दही विकला जातो.

आपल्या घरांत आणखी एक प्रश्न उभा राहतो. डॉक्टरांनी सांगितले म्हणून चोरून आणलेले आणि वेगळ्या भांड्यात उकडलेले अंडे पुष्कळांस आठवत असेल. १९४२ साली आगाखान राजवाड्यात स्थानबद्ध असताना लिहिलेल्या आरोग्यविषयक पुस्तकात महात्मा गांधींनी, दूध घेणाऱ्यास निर्बीज अंड्याची हरकत नसावी, असे मत दिले. पिंजऱ्यात कोंबडा नसल्याने तेथील अंडी निर्बीजच असतात. मोकळ्या कळपात कोंबडा फिरतो, तेव्हा येथे उलट प्रकार होतो. शिवाय उन्हाळ्यात सबीज अंड्यात गर्भ वाढू लागून ते लवकर नासते. म्हणून विक्रीच्या कळपातून कोंबडे काढावे आणि पिलांसाठी लहान कळप निराळा ठेवावा. कोंबडे काढल्यावरही दोन-तीन आठवडे सबीज अंडी येऊ शकतात, हे गिऱ्हाइकास प्रामाणिकपणे सांगावे.

मागणीही सारखी नसते. श्रावणात आणि नवरात्रात कित्येक घरे अंडे वर्ज्य करतात. कोंबडीला मात्र पंचांग ठाऊक नाही! २००६ साली नवापूरकडे बर्ड फ्लू आला, तेव्हा दूरच्या जिल्ह्यांतही लोकांनी अंडी घेणे सोडले.

अशा अनिश्चिततेत ‘सारी अंडी आम्हीच घेऊ’ म्हणणारा देवासारखा वाटतो. सांगली जिल्ह्यातील इस्लामपूरच्या एका कंपनीने झाबुआकडील काळ्या कडकनाथ कोंबड्या देऊन, अंडी चढ्या भावाने परत घेण्याचे करार शेतकऱ्यांशी केले. २०१९ साली ते सारे कोसळले. सांगली, सातारा, कोल्हापूरकडील अनेकांचे पैसे बुडाले आणि प्रकरण पोलिसांत गेले. ही महाग अंडी शेवटी खाणार कोण, हा साधा प्रश्न आधी विचारला असता तर पुष्कळ घरे वाचली असती.

खाणारी घरे स्वतः शोधणे, हाच खरा मार्ग. रोजची एकोणीस म्हणजे आठवड्याची एकशे तेहतीस अंडी. आठवड्यास सहा घेणारी बावीस कुटुंबे साताऱ्यात वा मिरजेत मिळाली की संपूर्ण माल खपतो. अंड्यावर तारीख लिहावी, ठरल्या वारी टोपली पोचवावी, नासके अंडे विनातक्रार बदलून द्यावे आणि ज्याला पाहावयाचे असेल त्याला रानात खुशाल येऊ द्यावे.

वाचकहो, अंडी खावी की न खावी हा ज्याच्या-त्याच्या घरचा प्रश्न आहे. पण जी घरे घेतात, त्यांनी त्या बाविसांपैकी एक व्हावे, श्रावणात बंद करावयाची असल्यास आषाढातच सांगावे आणि डझनामागे चार पैशांसाठी घासाघीस करण्यापूर्वी हा एकोणीस अंड्यांचा हिशेब एकदा आठवावा.