सरासरीतील फरक : खरा की योगायोगाचा?



"आम्ही दिलेल्या उपकरणामुळे रुग्ण लवकर घरी जाऊ लागले का?" असे देणगीदार आस्थेने विचारतात. रुग्णांचा सरासरी मुक्काम सात दिवसांवरून सहा दिवसांवर आला, असे अहवालात छापणे सोपे आहे. परंतु तो फरक योगायोगाचा तर नाही ना, हे तपासल्यावाचून केलेला दावा दात्याच्या विश्वासाशी प्रतारणा ठरेल.

आपल्या हाती असतात ते काही रुग्णांचे केसपेपर, म्हणजेच नमुना. वेगळे रुग्ण आले असते, तर सरासरीही थोडी वेगळी आली असती. ही स्वाभाविक हालचाल किती, याचे माप म्हणजे प्रमाणित त्रुटी. दोन सरासरींतील फरकास तिने भागले की निर्णयाची संख्या मिळते.

उदाहरणादाखल समजा, जुन्या व नव्या गटांत प्रत्येकी १६ रुग्ण असून मुक्कामाचे प्रमाण विचलन ४ दिवस आहे. विचलनाचा वर्ग १६; त्यास रुग्णसंख्येने भागता प्रत्येक गटाचा १ येतो. दोहोंची बेरीज २, तिचे वर्गमूळ १.४१. एका दिवसाच्या फरकास त्याने भागता ०.७१ मिळतात. शेकडा पाचच्या प्रचलित कसोटीस सुमारे २.०४ हवेत, म्हणून फरक सिद्ध झाला नाही. मात्र प्रत्येकी २०० रुग्ण असते, तर त्रुटी ०.४ आणि भागाकार २.५ आला असता. तेथे १.९७ पुरतात. फरक तोच, पुरावा मात्र सबळ.

लहान नमुन्यांच्या या गणिताचा पाया डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मितीगृहातील विल्यम गॉसेट यांनी १९०८ साली 'स्टूडंट' या टोपणनावाने घातला. दोन गटांचे विचलन असमान असल्यास काय करावे, या कूटप्रश्नावर सातारा जिल्ह्यातील बुध गावचे सुपुत्र डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९३८ साली कार्य केले, ही आपणांस अभिमानाची बाब होय.

दोन गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. फरक सिद्ध न होणे म्हणजे फरक नसणे नव्हे. आणि फरक सिद्ध झाला, तरी त्याचे श्रेय उपकरणाचेच असे नाही. कदाचित नव्या गटातील रुग्णांचे आजारच सौम्य असतील.

आपल्या प्रत्येक रुपयाची पावती आम्ही देतो. रुग्णास झालेल्या लाभाचा हिशेबही तितकाच चोख असावा, हीच आमची भूमिका आहे.