बुडालेलं लाकडी जहाज वर काढायचं, तर आधी काय करायचं?

जॉबच्या पहिल्याच आठवड्यात सिनियरने एक गोष्ट डोक्यात बसवली होती: चालू सर्व्हरला हात लावायच्या आधी बॅकअप घे. कोड बिघडला तर जुनं व्हर्जन परत आणता येतं. तीनशे वर्षं पाण्यात पडलेल्या लाकडाला मात्र 'अनडू' नाही. मग अशी जहाजं वर काढणारे लोक तयारी कशी करतात?

स्वीडनचं 'वासा' हे युद्धजहाज घेऊ. (आपल्या छपराच्या वाशाशी संबंध नाही, ते तिथल्या राजघराण्याचं नाव.) 10 ऑगस्ट 1628 ला पहिल्याच सफरीत, जेमतेम 1300 मीटर जाऊन ते स्टॉकहोमच्या बंदरात बुडालं. 1956 मध्ये आंदेर्स फ्रान्झेन या इंजिनियरने ते शोधलं. त्याचा तर्क साधा होता. बाल्टिकचं पाणी कमी खारट, त्यामुळे जहाजाचं लाकूड पोखरणारा किडा तिथे टिकत नाही. दोरीला बांधलेलं नमुना काढायचं छोटं यंत्र तो बोटीतून खाली सोडत राहिला आणि एकदा त्यात काळं पडलेलं ओक वर आलं.

आता तुम्ही म्हणाल, क्रेन लावा आणि उचला! तसं केलं असतं तर तुकडेच हातात आले असते. नौदलाच्या पाणबुड्यांनी जहाजाच्या खालून चिखलात सहा बोगदे खोदले. खोली 32 मीटर, जवळजवळ शून्य दिसतंय, वर जहाज आणि त्यातले दगडगोटे. त्या बोगद्यांतून पोलादी दोर ओवले आणि 1959 मध्ये 18 टप्प्यांत जहाज 16 मीटर खोलीपर्यंत आणलं. तिथे पुन्हा दीडेक वर्ष काम. लोखंडी बोल्ट गंजून गेल्यामुळे पडलेली हजारो भोकं पाण्याखालीच बुजवली. मगच 24 एप्रिल 1961 ला ते वर आलं. त्या दिवसाचे फोटो सगळे बघतात, मला ही भोकं बुजवणारी माणसं जास्त भारी वाटतात.

वर आल्यावर खरा धोका सुरू होतो. भिजलेल्या लाकडाच्या पेशी पाण्याच्या आधारावर उभ्या असतात. पाणी झपकन उडालं की लाकूड आकसतं, तडकतं. म्हणून पाण्याच्या जागी पीईजी नावाचा मेणासारखा पदार्थ मुरवतात, जो क्रीम आणि टूथपेस्टमध्येही असतो. वासावर त्याचा फवारा 17 वर्षं चालला!

तरी एक बग राहिलाच. बंदराच्या घाण पाण्यातलं गंधक लाकडात मुरलं होतं. हवेतला ऑक्सिजन आणि बोल्टचं लोखंड मिळाल्यावर त्याचं सल्फ्युरिक आम्ल व्हायला लागलं. हे लक्षात आलं 2000 मध्ये, म्हणजे जहाज वर आल्यावर तब्बल 39 वर्षांनी. नंतर 5000 हून जास्त बोल्ट बदलून खास स्टेनलेस स्टीलचे बसवले. जहाज स्वतःच्या वजनाने खचतंय का, हे बघायला त्यावरच्या शेकडो ठिकाणांचं अंतर लेझरने मोजतात. हलणं मिलिमीटरमध्ये असतं, डोळ्याला कळणारच नाही. आधीचं माप नसेल तर आजच्या मापाचा उपयोग शून्य. हाच तो बॅकअप.

याची छोटी आवृत्ती तुमच्या फोनवर होते. तिचं नाव फोटोग्रामेट्री. कोकणात किनाऱ्यावर एखादी जुनी होडी दुरुस्तीला काढणार असतील, तर मालकाला विचारून पहिली फळी निघायच्या आधी स्कॅन करा. ढगाळ दिवस निवडा, कारण कडक उन्हातल्या सावल्या सॉफ्टवेअरला गोंधळवतात. ओलं, चकाकणारं लाकूडही तसंच. होडीभोवती हळूहळू फिरत फोटो काढा. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा निम्म्याहून जास्त भाग यायला हवा. मग एक फेरी खालून, एक वरून. फ्रेममध्ये मोजपट्टी नक्की ठेवा, नाहीतर मॉडेल सुंदर होईल पण होडी किती फुटांची ते कळणार नाही. पॉलीकॅमसारखं ॲप त्यातून थ्रीडी मॉडेल बनवतं. मूळ फोटो मात्र डिलीट करू नका. उद्या चांगलं सॉफ्टवेअर आलं तर त्याच फोटोंतून जास्त बारीक मॉडेल निघेल, आणि तोवर ती जुनी फळी चुलीत गेलेली असेल.