मागच्या इंजिनाची नोंदवही

लोणावळा स्टेशनात गाडी थांबली की मागची इंजिनं सुटी होतात. कर्जतपासूनचा घाट, सदतीसास एक असा चढ, त्यांनी मागून रेटलेला असतो; पण डब्यातली मंडळी तोवर चिक्कीच्या पुड्यांकडे वळलेली असतात. त्या बँकर इंजिनांवर माझी सारी नोकरी गेली. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, तरी डिसेंबर संपत आला की हात शिवशिवतो. ड्यूटी सोडताना नोंद करायची असते ना: काय चाललं, काय बिघडलं, पुढच्याला काय सांगायचं. औंढ्यातल्या घराच्या ओटीवर बसून ही 2025 ची नोंद.

सुरुवात पावसापासून, कारण यंदा त्यानंच घाई केली. मे संपायच्या आत पाऊस महाराष्ट्रात दाखल झाला. मावळात भाताची पेरणी धूळवाफेवर करायची रीत. यंदा धूळच राहिली नाही. चिखलात बी टाकलं, थोडं कुजलं, पुन्हा टाकलं. जाताना मात्र त्याला घाई नव्हती. दिवाळीनंतरही रेंगाळला आणि कापून ठेवलेला इंद्रायणी भात भिजवून गेला. वीस गुंठ्यांचं आमचं खाचर. पोतीही वीस गुंठ्यांच्या मानानं लाजिरवाणी झाली.

त्याच खाचरावरून घरात वर्षभर धुसफूस होती. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाची खोपोली ते कुसगाव ही तेरा किलोमीटरची मिसिंग लिंक यंदा होत होती. वर्ष संपेपर्यंत ती खुली झाली नाही, पण तिच्या नावावर भाव सांगणारे एजंट दर रविवारी दारात हजर. हिंजवडीत नोकरी करणारा मुलगा म्हणाला, “आप्पा, भातात काय उरतं ते तुम्हीच सांगा.” उत्तर नव्हतं, म्हणून मी मान डोलावली. भाऊबीजेला मुलगी डोंबिवलीहून आली. जमीन वडिलोपार्जित, तिचाही त्यात हिस्सा. मी विक्रीच्या संमतीचा कागद पुढे केला. तिनं तो शांतपणे घडी घालून परत दिला. “आप्पा, सही मागताय. मत कधी मागितलंत?”

आमच्या हिनं आतून फक्त भांडं जरा जोरात ठेवलं. ते मला उद्देशून होतं हे चाळीस वर्षांच्या संसारानंतर कळतंच. तिलाही कुणी विचारलं नव्हतं. मग चौघं बसलो, रात्री अकरापर्यंत. विकायचं की नाही ते ठरलं नाही. पण पुढच्या जूनला पेरायचं, एवढं ठरलं.

त्या रात्री माझी खोड माझ्या ध्यानात आली. मागच्या इंजिनातून सिग्नल दिसत नाही. पुढच्या ड्रायव्हरनं शिटी दिली की जोर लावायचा, शिटी दिली की सोडायचा. नोकरीत हे बरोबर होतं. घरात आणि गावातही मी तेच करत राहिलो.

गावाबाहेरच्या जगात यंदा शिट्या पुष्कळ झाल्या. पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय एप्रिलमध्ये निघाला, जूनमध्ये बदलून आला आणि 29 जूनला मागे घेतला गेला. नातू नेमका यंदाच पहिलीत गेला; तीन महिन्यांत त्याच्या दप्तराचं वजन मोठ्यांनीच तीनदा ठरवलं. 11 जुलैला आपला लोहगड इतर अकरा किल्ल्यांबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. पोरांनी पेढे वाटले. दुसऱ्या रविवारी त्यातलीच काही पोरं पोती घेऊन गडावर प्लास्टिक वेचायला गेली. मला पेढ्यापेक्षा ती पोती मोलाची वाटली. 8 डिसेंबरला बाबा आढाव गेले. पाठीवर ओझं वाहणाऱ्या हमालांना त्यांनी पंचायत दिली, ‘एक गाव एक पाणवठा’ म्हणत गावोगाव फिरले, आणि पंच्याण्णव वर्षांच्या आयुष्यात कुणाच्या शिटीची वाट पाहत थांबले नाहीत.

मतदानाचं म्हणाल, तर नगरपालिकांच्या निवडणुकांचे निकाल 21 डिसेंबरला लागले आणि लोणावळ्याकडचे फटाके ऐकू आले. आम्ही खेड्यातले, आमच्या जिल्हा परिषदेवर मार्च 2022 पासून 2025 संपेपर्यंत प्रशासकच होता, लोकांनी निवडलेला सदस्य एकही नव्हता. याची चीड पारावर सगळ्यांना यायची, मलाही यायची. पण माझी स्वतःची नोंद काय सांगते?

15 जूनला, रविवारी, कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल कोसळला. चार माणसं गेली, पन्नासहून अधिक जखमी झाली. नदी आमचीच, कुरवंड्याच्या डोंगरातून निघणारी इंद्रायणी. तेव्हा पारावर ठरलं होतं, की खाचरांकडे जाणाऱ्या ओढ्यावरच्या साकवाची तपासणी ग्रामसभेत मागायची. तो विषय मी मांडायचा होता. 15 ऑगस्टला मी नातवाला सांभाळायला हिंजवडीत होतो. 2 ऑक्टोबरला ताप होता. खरं सांगायचं तर तो आदल्या दिवशीच उतरला होता. कुणी बोलवायला आलं नाही, म्हणून मी गेलो नाही. शिटीच झाली नव्हती ना!

मुंबई-सोलापूर वंदे भारत 2023 पासून बँकरशिवाय घाट चढते आहे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा छातीत कळ आली होती. आता येत नाही. मुलं आपला चढ आपण चढताहेत, त्यांना मागून रेटत राहिलं तर अडथळाच. जोर शिल्लक असेल तर तो कुठे लावायचा, हे म्हाताऱ्यानं स्वतः सिग्नल पाहून ठरवावं.

तेव्हा पुढच्या पाळीसाठी शिल्लक कामं दोन. जूनला पेरणी. आणि त्याआधी 26 जानेवारीच्या ग्रामसभेत साकवाचा अर्ज. तो लिहून झाला आहे, खाली हिची सही पहिली आहे. तुमच्या गावातही त्या दिवशी ग्रामसभा असेल. बोलावणं येण्याची वाट पाहू नका.