विसावं जनुक आणि आजोळचे मुलगे

ऑक्टोबर २०२५ मध्ये वैद्यकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं, तेव्हा सगळ्यांत रंगली ती फ्रेड रॅम्सडेल यांच्या भटकंतीची गोष्ट. मोबाइल बंद ठेवून डोंगरात हिंडणाऱ्या या गृहस्थांना समितीचा फोन लागेना. त्याखालोखाल मथळे झाले ते कर्करोगावरच्या संभाव्य उपचारांचे. हे संशोधन ज्या आजारामुळे उंदरांवरून माणसापर्यंत आलं, तो ‘आयपेक्स’ मात्र बातमीच्या शेपटीला एका ओळीत उरकला गेला. मला ते खटकलं.

आयपेक्स होतो तो मुलग्यांना, बहुधा तान्हेपणीच. जुलाब लागतात ते थांबत नाहीत, अंगावर एक्झिमा उठतो आणि इवल्याशा बाळाला मधुमेह निघतो. काहींचं थायरॉइडही बिघडतं. जन्मजात प्रतिकारदोषांच्या यादीत त्याचं नाव असलं, तरी शरीराचं खरं नुकसान करतात त्या स्वतःच्याच मोकाट सुटलेल्या टी पेशी. त्यांना आवरणाऱ्या नियामक टी पेशी याच नोबेलचे सहमानकरी साकागुची यांनी १९९५ मध्ये दाखवून दिल्या होत्या, पण त्या घडवतं कोण, हे कळलेलं नव्हतं.

धागा सापडला तो अमेरिकेतल्या ओक रिजच्या उंदरांत. किरणोत्साराच्या अभ्यासासाठी पाळलेल्या त्या उंदरांत १९४०च्या दशकात काही नर खवलेदार कातडीचे निपजले आणि काही आठवड्यांतच मेले. हा वंश शास्त्रज्ञांनी जपून ठेवला. पुढे याच नोबेलच्या सहमानकरी मेरी ब्रंकॉव आणि रॅम्सडेल एका खासगी कंपनीत त्याच वंशावर काम करत होते. त्यांनी एक्स गुणसूत्राचा संशयित तुकडा आखडत पाच लाख अक्षरांवर आणला. त्यात वीस जनुकं होती. एकेक तपासत गेले. दोष निघाला तो विसाव्यात! फॉक्स-पी-३ हे ते जनुक; नियामक टी पेशी घडवतं ते हेच. २००१ मध्ये त्यांनी आणि इतर गटांनी त्यातलेच दोष आयपेक्सच्या मुलांत दाखवले. ‘याचा उपयोग काय’ हा प्रश्न कुणी ओक रिजमध्ये वेळेवर विचारला असता, तर तो वंश कधीच संपला असता. आपल्याकडे संशोधनाचा निधी मागताना हाच प्रश्न पहिला येतो.

आयपेक्समध्ये औषधांनी प्रतिकारशक्ती दाबून ठेवता येते, पण आजार मुळातून बरा करायचा तर मूळपेशींचं प्रत्यारोपण हाच रस्ता आहे, आणि अवयव फार बिघडण्याआधी ते झालेलं बरं. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणातून, पुढच्या सुधारणेनंतर, ५० लाखांपर्यंत मदतीची तरतूद झाली. मुंबईचं केईएम त्या योजनेतलं एक केंद्र आहे. पण तिथवर पोचायला आधी निदान हवं, आणि इथेच घोडं पेंड खातं. जुलाबासाठी एक डॉक्टर, कातडीसाठी दुसरा, साखरेसाठी तिसरा. तिन्ही कागद एका टेबलावर आले तरच कुणाला जनुकतपासणी सुचणार.

सदोष जनुक बहुतेक वेळा आईकडून येतं. तिच्या दुसऱ्या एक्सवरची प्रत चांगली असल्याने ती स्वतः ठणठणीत असते. मुलग्याकडे मात्र एक्स एकच. म्हणून अशा बाळाच्या केसपेपरवर एक प्रश्न हवाच: आजोळी कुणी मुलगे तान्हेपणीच गेले होते का? उत्तर ‘हो’ असेल, तर बाळाच्या मावश्यांनाही तपासणीला बोलवायला हवं.