कागदी नमुन्यावरून सूट शिवणे

कागदी नमुन्यावरून सूट शिवणे म्हणजे बाजारात तयार मिळणारे, ठरावीक मापांनुसार आखलेले कागदाचे भाग कापडावर ठेवून कोट आणि पॅन्ट किंवा कोट आणि स्कर्ट घरी शिवण्याची पद्धत होय. या कागदांना पेपर पॅटर्न असेही म्हणतात. शिंपी गिऱ्हाइकाची मापे घेऊन स्वतः आराखडा काढतो. कागदी नमुन्यात हे आखणीचे काम आधीच झालेले असते. मात्र नमुना सरासरी शरीरासाठी काढलेला असल्याने तो विशिष्ट व्यक्तीच्या अंगाला जुळवून घेणे, हा या पद्धतीतील सर्वांत अवघड व महत्त्वाचा भाग ठरतो.

इतिहास

कपडे बेतण्याचे आराखडे युरोपात १६व्या शतकापासून छापले जात. स्पेनमधील शिंपी हुआन दे अल्सेगा याचा या विषयावरील ग्रंथ १५८० साली प्रसिद्ध झाला. परंतु असे ग्रंथ व्यावसायिक शिंप्यांसाठी होते. १९व्या शतकाच्या मध्यास शिवणयंत्र घरोघरी पोहोचू लागले, तेव्हा सामान्य माणसाला वापरता येतील अशा नमुन्यांची गरज निर्माण झाली.

अमेरिकेतील एलेन डेमोरेस्ट यांनी १८६०च्या सुमारास कागदी नमुने विकण्यास आरंभ केला. मॅसॅच्युसेट्समधील शिंपी एबेनेझर बटरिक याने १८६३ साली एकच कपडा लहानमोठ्या अनेक मापांत देणारे नमुने बाजारात आणले. तोवरचे नमुने बहुधा एकाच मापाचे असल्याने ते लहानमोठे करण्याचे काम शिवणाऱ्यावरच पडत असे. पुढे १८७० साली जेम्स मॅकॉल याने न्यूयॉर्कमध्ये याच व्यवसायात प्रवेश केला आणि १९२७ साली सिंप्लिसिटी ही कंपनी स्वस्त नमुने घेऊन आली. जर्मनीत एने बुर्डा यांनी १९५० साली सुरू केलेल्या मासिकातून नमुन्यांचे मोठे कागद वाचकांपर्यंत पोहोचले.

आरंभीचे नमुने पातळ कागदाचे असून त्यांवर काहीही छापलेले नसे. टक्स कोठे घ्यावेत, जोड कोठे यावा, हे कागदाला पाडलेल्या भोकांवरून ओळखावे लागे. छापील रेषा असलेले नमुने १९२०च्या सुमारास रूढ होऊ लागले.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या कौशल्याला वेगळेच महत्त्व आले. ब्रिटनमध्ये जून १९४१पासून कपड्यांवर नियंत्रण आले आणि प्रौढ व्यक्तीला आरंभी वर्षाला ६६ कूपने मिळत. पुरुषाचा जुना सूट उसवून त्यातून स्त्रीचा कोट व स्कर्ट कसा काढावा, हे सांगणारे नमुनेही त्या काळात विकले जात.

नमुन्यातील खुणा

नमुन्याच्या पाकिटात कागदाचे भाग आणि कृतिपत्रिका असते. कोटासाठी पुढचा भाग, बाजूचा भाग, पाठ, दोन तुकड्यांची बाही, वरची व खालची कॉलर, दर्शनी पट्टी, खिसे आणि अस्तर असे अनेक भाग असतात. प्रत्येक भागावर बाण असलेली एक सरळ रेषा असते. ही रेषा कापडाच्या काठाला समांतर, म्हणजे उभ्या धाग्यावर ठेवावी लागते. ती तिरकी झाल्यास शिवलेला भाग पुढे एका बाजूला लटकतो. काठावरील लहान त्रिकोणी खाचा दोन भाग कोठे जुळवायचे ते दाखवतात, तर दुहेरी समांतर रेषा लांबी कमीजास्त करण्याची जागा दाखवते.

अनेक अमेरिकी नमुन्यांत शिलाईसाठी सुमारे दीड सेंटिमीटर माया धरलेली असते. काही युरोपीय नमुन्यांत ती मुळीच नसते. कात्री लावण्यापूर्वी कृतिपत्रिका वाचणे म्हणूनच आवश्यक ठरते. संगणकावरून छापलेल्या नमुन्यात दिलेला चाचणीचा चौकोन पट्टीने मोजून पाहावा लागतो, कारण छपाईत आकार किंचित लहान झाला तरी संपूर्ण कोट घट्ट होतो.

मापाची निवड

नमुन्यावरील मापाचा क्रमांक आणि तयार कपड्यांवरील क्रमांक यांचा मेळ बसत नाही. अमेरिकी नमुन्यांत १४ क्रमांक सुमारे ३६ इंच छातीसाठी असतो. त्याच छातीच्या व्यक्तीला दुकानातील कपडा बराच लहान क्रमांकाचा बसतो. त्यामुळे क्रमांकापेक्षा टेपने घेतलेल्या मापावरच विसंबावे लागते.

कोटाचे माप निवडताना खांदा आणि गळा यांना प्राधान्य दिले जाते, कारण कंबर किंवा घेर नंतर बदलणे सोपे असते, खांदा व मुंढा बदलणे कठीण. म्हणून स्त्रियांच्या कोटासाठी काखेखालून छातीच्या वरच्या भागावरून घेतलेले माप उपयोगी पडते. पॅन्टसाठी सीटचे माप मुख्य धरतात. शरीराचे माप आणि शिवून झालेल्या कपड्याचे माप यांतील फरकाला सैलपणा म्हणतात. ९२ सेंटिमीटर छातीवर कोटाचे माप १०२ सेंटिमीटर असेल, तर सैलपणा १० सेंटिमीटर होय. हा सैलपणा हालचालीसाठी ठेवलेला असतो. तो जादा कापड समजून काढून टाकल्यास हात पुढे घेता येत नाही.

मांजरपाटाची चाचणी

लोकरीचे कापड महाग असते आणि एकदा चुकीचे कापले की ते जोडता येत नाही. म्हणून आधी मांजरपाटासारख्या स्वस्त कापडाचा कोट धावदोऱ्याने किंवा सैल टिपेने जोडून अंगावर चढवून पाहतात. चुण्या कोठे पडतात, यावरून दोष ओळखता येतो. आडव्या ताणलेल्या चुण्या त्या जागी कापड कमी असल्याचे सांगतात. खांद्याच्या टोकापासून खाली येणारा तिरका झोळ उतरत्या खांद्याची खूण असते. पॅन्टचे आसन कमी पडल्यास बसताना ताण येतो. दुरुस्ती करताना आधी लांबी आणि मग रुंदी, असा क्रम पाळतात. कारण लांबी बदलली की छाती व कंबर यांच्या रेषा वरखाली सरकतात. झालेले सर्व बदल पुन्हा कागदावर उतरवून घेतल्यावरच मूळ कापड बेतले जाते.

अंतर्भाग आणि इस्त्री

सूट आणि साधा शर्ट यांतील मुख्य फरक आतील रचनेचा असतो. कोटाच्या पुढच्या भागात केसांच्या धाग्याचे कॅनव्हास घालतात. लॅपल व खालची कॉलर यांवर हाताने लहान तिरके टाके घालून कापड व कॅनव्हास एकजीव केले जातात. टाके घालताना भाग बोटावर किंचित वळवून धरल्याने लॅपल आपोआप बाहेर वळते. इस्त्रीने चिकटणारे अस्तर वापरल्यास हे काम लवकर होते, पण चिकटवण नीट न बसल्यास पुढे बुडबुडे येतात. खालची कॉलर उरेब कापडाची आणि वरच्या कॉलरपेक्षा किंचित लहान ठेवतात. त्यामुळे तिची कड बाहेर डोकावत नाही.

लोकर वाफेने आकसते व आकार धरते. हा गुण सूटशिलाईचा पाया आहे. बाहीचा वरचा गोलवा मुंढ्यापेक्षा काही सेंटिमीटर मोठा असतो. तो चुण्या न पडता वाफेने आटवून मुंढ्यात बसवतात. याच कारणाने कापड बेतण्यापूर्वी वाफ देऊन आकसून घेणे आवश्यक असते. प्रत्येक टीप मारल्यानंतर, पुढची शिलाई तिला छेदण्याआधी इस्त्री करतात. छाती, सीट अशा गोलाईच्या भागांसाठी घट्ट भरलेली गोल उशी वापरली जाते.

भारतातील स्थिती

भारतात मापे देऊन शिंप्याकडून कपडे शिवून घेण्याची पद्धत टिकून राहिल्याने तयार नमुन्यांचा प्रसार मर्यादित राहिला. महाराष्ट्रातील शिवणवर्गांतही प्रामुख्याने मापांवरून खाकी कागदावर आराखडा काढण्यास शिकवले जाते. हे ज्ञान असलेल्या व्यक्तीस कागदी नमुना वापरणे सोपे जाते, कारण नमुन्यातील रेषा का व कशी आली हे तिला उमगते आणि आवश्यक तेथे ती बदलता येते. केवळ नमुन्यावर विसंबणाऱ्यास कोटाची रचना मिळते, परंतु अंगाबरोबर बसणारा कोट मिळवण्यासाठी मापे, चाचणी आणि दुरुस्ती यांना पर्याय नसतो.