गेममधलं ‘अपग्रेड’ कितीला पडतं? हिशोब सांगणारं छोटं कॅल्क्युलेटर

बऱ्याच गेममध्ये तलवार, चिलखत असं सामान पायरी-पायरीने वाढवावं लागतं. त्यालाच पोरं ‘अपग्रेड’ म्हणतात. पण दर वेळी ते होईलच असं नाही. झालं तर झालं, नाहीतर गेममधलं सोनं गेलं. हा खर्च आधीच सांगणारी छोटी सॉफ्टवेअर खेळाडूंनीच बनवली आहेत. दक्षिण कोरियाच्या ‘लॉस्ट आर्क’ गेमसाठी अशी कॅल्क्युलेटर वापरली जातात.

हिशोब कसा होतो?

समजा, एका प्रयत्नाला 500 सोनं लागतं आणि यशाची शक्यता 10 टक्के आहे. म्हणजे सरासरी 10 प्रयत्न, खर्च 5,000. आता 200 सोन्याचं जादा साहित्य टाकलं की शक्यता 13 टक्के होते. मग सरासरी खर्च 5,385 च्या आसपास जातो, म्हणजे साहित्य महागात पडलं. तेच साहित्य 100 ला मिळालं तर खर्च 4,615 वर येतो, मग टाकायला हरकत नाही. बियाण्याच्या पिशवीचा भाव आणि उगवण टक्केवारी बघून आपण करतो, तसाच हा हिशोब.

‘लॉस्ट आर्क’मध्ये फसलेल्या प्रयत्नागणिक शक्यता थोडी वाढते. सोबत एक मीटर भरतो. तो 100 टक्के झाला की अपग्रेड नक्की. कॅल्क्युलेटर हे सगळं धरून आकडा देतं.

सरासरीवर विसंबू नका

अशी सोय नसलेल्या गेममध्ये 10 टक्के शक्यतेवर 10 प्रयत्न केले, तरी 100 पैकी सुमारे 35 जण रिकाम्या हाताने राहतात. 22 प्रयत्नांनंतरही 10 जण उरतातच. “इतके फसले, आता लागेलच” हे खरं नाही.

आकडाच खोटा असेल तर?

मग कॅल्क्युलेटरही काही कामाचं नाही. ‘मेपलस्टोरी’ गेममध्ये सामानाचे गुण बदलणारे ‘क्यूब’ विकले जात. नेक्सॉन कंपनीने त्यातली शक्यता खेळाडूंना न सांगता बदलली, म्हणून जानेवारी 2024 मध्ये कोरियाच्या व्यापार आयोगाने तिला सुमारे 1,160 कोटी वॉन दंड ठोठावला. मार्च 2024 पासून तिथे अशा शक्यता जाहीर करणं कायद्याने बंधनकारक आहे.

घरातलं पोरगं गेममध्ये खरे पैसे घालत असेल, तर त्याला दोनच प्रश्न विचारा: शक्यता किती टक्के? आणि सरासरी खर्च रुपयांत किती? उत्तर नसेल तर पैसे देऊ नका. आणि हो, हिशोबाला फक्त आकडे लागतात. पासवर्ड किंवा ओटीपी मागणारं कॅल्क्युलेटर दिसलं, तर ते लगेच बंद करा.