खरूज एकट्याची नसते

‘बोटं फाकव बघू.’ शाळेत तपासणीला बसले की दिवसभर माझ्या तोंडी हेच वाक्य असतं. बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती बारीक पुरळ आणि ओरखडे दिसले की पुढचे प्रश्न ठरलेले. रात्री जास्त खाजतं का? घरात अजून कोणाला? पोरं आधी लाजतात, मग धाकट्या भावापासून आजीपर्यंत सगळी नावं सांगतात.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या फिरत्या पथकात मी डॉक्टर आहे. २०१३ साली पालघरमधून हा कार्यक्रम सुरू झाला. हृदयाला छिद्र असलेलं मूल सापडलं की शस्त्रक्रियेपर्यंत सगळी यंत्रणा हलते. खरजेसाठी मात्र कोणी जागचं हलत नाही. ‘जाईल आपोआप,’ म्हणतात. ती जात नाही. खाजवलेल्या जागी जंतू शिरून पू होतो, त्यातल्या काही जंतूंमुळे पुढे मूत्रपिंडाला सूजही येऊ शकते. आणि रात्रभर खाजवणारं मूल वर्गात पेंगतं, ते वेगळंच.

खरजेचा किडा अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान. मादी कातडीत बोगदा करून अंडी घालते. पहिल्यांदाच लागण झाली असेल तर खाज सुटायला चार ते सहा आठवडे जातात. म्हणजे एका मुलीचे हात आमच्या नजरेत येतात, तोवर तिच्या शेजारी झोपणाऱ्या दोघी-तिघींना लागण झालेली असते, आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो. म्हणून आश्रमशाळेत एकीच्याच हातात ट्यूब ठेवून भागत नाही. वसतिगृहातल्या सगळ्यांनी एकाच रात्री पाच टक्के परमेथ्रिन मलम हनुवटीखालून तळपायापर्यंत लावायचं, नखांच्या कडांनासुद्धा. अधीक्षिकाबाईंनाही मी सूट देत नाही. सकाळी आंघोळ, कपडे-चादरी गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात. धुता न येणारी गोधडी तीन-चार दिवस पिशवीत घट्ट बांधून ठेवायची. आठवड्याने पुन्हा सगळं तसंच. त्यानंतरही दोन-तीन आठवडे थोडी खाज राहते. औषध लागू पडलं नाही, असा त्याचा अर्थ नाही.

काही शाळा ‘बरं झाल्यावर ये’ म्हणून मुलाला घरी पाठवतात. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी न्यूयॉर्कमध्येही हेच चालायचं. उवा, खरूज, गजकर्ण झालेल्या मुलांना शाळेबाहेर काढत, आणि औषधाविना ती गल्लीत इतर मुलांबरोबर खेळत बसत. १९०२ मध्ये लीना रॉजर्स ही परिचारिका नेमली गेली. तिने शाळेतच मलमपट्टी सुरू केली, घरोघरी जाऊन आयांना समजावलं. वर्षभरात घरी पाठवलेल्या मुलांचा आकडा दहा हजारांवरून अकराशेवर आला.

गजकर्णाचं दुखणं निराळं. दुकानातून आणलेल्या मिश्र मलमात बऱ्याचदा स्टिरॉइड असतं. दोन दिवसांत लाली उतरते, बुरशी मात्र आत पसरत राहते. पुढे चट्ट्याची कडही ओळखू येत नाही. डॉक्टरांना न दाखवता असं मलम लावू नका.

आणि मुलाच्या दप्तरातून खरजेची ट्यूब घरी आली, तर ती त्याच्या एकट्याची समजू नका. आरोग्य केंद्रातून बाकीच्यांसाठीही मागून घ्या. खाज नसलेल्यांसकट सगळ्यांनी एकाच रात्री लावा. घरात दोन महिन्यांखालचं बाळ किंवा गरोदर बाई असेल, तर तेवढं आधी विचारून घ्या.